दारू सोडणाऱ्याने आपली सभा कशी शोधावी?

दारूबंदीवर कोणी बोलायला उभा राहिला की श्रोत्यांच्या दोन अपेक्षा असतात. एक, तो दारूचे दुष्परिणाम सांगेल. आणि दुसरी, शेवटी सर्वांकडून शपथ वदवून घेईल. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे पुष्कळ वर्षे चालत आल्या आहेत. जोतीराव फुले यांनी १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, शहरात दारूची दुकाने वाढू देण्याला लेखी विरोध केला होता. त्यानंतर या विषयावर कीर्तने झाली, पोवाडे झाले, कायदे झाले. मी आज त्या वाटेने जाणार नाही. दारू वाईट असते हे जो तिच्या कचाट्यात सापडला आहे त्याला आपण सांगण्याची गरज नसते; ते त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्याचा प्रश्न निराळाच असतो. तो म्हणतो, "सोडायची आहे, पण एकट्याने सुटत नाही. कुठं जाऊ?"

या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे एवढाच माझा हेतू आहे. मी डॉक्टर नाही, समाजशास्त्राचा प्राध्यापकही नाही. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या खात्यात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु गेली तीस वर्षे गैरहजेरीच्या चार्जशीटी वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. पगारानंतरच्या दोन-तीन दिवसांत ज्यांची हजेरी लागत नाही अशा माणसांची कागदपत्रे हाताळता हाताळता या विषयाची ओळख झाली. बडतर्फी टाळण्यासाठी व्यवस्थापनाशी भांडता येते. पण माणूस सुधारला नाही तर पुढच्या महिन्यात तीच चार्जशीट पुन्हा टेबलावर येते. म्हणून भांडणाबरोबर दुसरेही काही करावे लागते, हे मला कामानेच शिकवले.

आकडा आणि अनुभव

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशभर पाहणी केली आणि २०१९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या अहवालाप्रमाणे १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी माणसे दारू पितात, आणि ज्यांना दारूच्या त्रासापायी मदतीची गरज आहे अशांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या घरात जाते. दारूवाचून ज्यांचे चालतच नाही अशा ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्याही प्रकारची मदत वा उपचार मिळाले होते. रुग्णालयात राहून उपचार मिळालेला तर १८० मध्ये एक.

३८ मधले ३७ जण बाहेर का राहतात? पैसा नाही, माहिती नाही, लाज वाटते, घरचे ऐकत नाहीत, ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यात आणखी एका कारणाची भर घालायची आहे. माणूस मोठे धाडस करून एकदा कोठेतरी जातो. ती जागा त्याला मानवत नाही. तो परत येतो आणि सांगतो, "भाऊ, जाऊन आलो. तिथं आपलं कुणी नाही. आपल्याला ते जमणार नाही." एका सभेवरून तो सगळ्या सभांचा निकाल लावतो. पहिला जोडा पायाला लागला म्हणून कोणी जन्मभर अनवाणी चालत नाही. पण या बाबतीत माणसे तसे करतात, आणि काहींना त्याची किंमत जीव देऊन मोजावी लागते. म्हणून सभा कशी शोधावी आणि कशी पारखावी याचे थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे.

आधी डॉक्टर, मग सभा

सर्वांत प्रथम एक सावधगिरीची गोष्ट. ज्याला सकाळी उठल्याबरोबर हात थरथरू नयेत म्हणून घोट घ्यावा लागतो, त्याने केवळ निश्चयाच्या बळावर एका दिवसात दारू तोडू नये. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे शरीर दारूला इतके सरावलेले असते की ती एकदम थांबली तर ते बंड करते. घाम, थरथर, मळमळ हे काही तासांतच सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेल्या वस्तू दिसू लागतात, ताप चढतो. आणि उपचार न झाल्यास त्यात मृत्यूही येऊ शकतो. डॉक्टरांकडे यावर औषधे आहेत, ब-१ जीवनसत्त्वाची सुई आहे, आणि हे दिवस पार पाडण्याची रीत आहे. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ही सोय मिळू शकते.

घरच्यांनाही एक विनंती. दारूवर शिसारी आणणाऱ्या गोळीची भुकटी माणसाच्या नकळत भाजीत कालवण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. डायसल्फिरम नावाचे ते औषध आहे. ते पोटात असताना माणूस दारू प्याला तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

शरीरातली दारू उतरवणे हे डॉक्टरचे काम आठ-पंधरा दिवसांचे. त्यानंतरचा प्रत्येक पगार, प्रत्येक लग्न, प्रत्येक भांडण आणि प्रत्येक रिकामी संध्याकाळ दारूवाचून काढायची, हे काम पुढच्या सगळ्या आयुष्याचे. सभा लागते ती या दुसऱ्या कामासाठी.

ही सभा असते तरी कशी?

दारू पिणाऱ्यांनीच एकमेकांना सावरावे ही कल्पना जुनी आहे. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी एका गुत्त्यात बसून दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली आणि दर आठवड्याला जमून आपापली हकीकत सांगायला सुरुवात केली. वॉशिंग्टोनियन या नावाने त्यांची चळवळ वणव्यासारखी पसरली. १८४२ साली तरुण अब्राहम लिंकनने स्प्रिंगफील्ड येथे त्यांच्यापुढे भाषण केले होते. परंतु दारूबंदीचे कायदे, पक्षांचे राजकारण, नाना सुधारणांचे वाद त्या चळवळीत शिरले आणि काही वर्षांतच ती विरून गेली.

पुढे १९३५ साली त्याच देशात दुसरा प्रयत्न झाला. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी ॲक्रन या गावी गेला होता. काम फसले. हॉटेलात एकीकडे बार, दुसरीकडे टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला. एका धर्मोपदेशकाला गाठले, त्याने दिलेल्या नावांवर एकामागून एक फोन केले, आणि अखेरीस डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या शस्त्रवैद्याची गाठ पडली. स्मिथ पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. दोघे कित्येक तास बोलत बसले. दोघांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पिणाऱ्याला उपदेश पटत नाही; पण त्याच खड्ड्यातून वर आलेल्या माणसाचे बोलणे तो ऐकतो, आणि सांगणाऱ्याचीही दारू त्या सांगण्यामुळेच दूर राहते. या भेटीनंतर डॉक्टरसाहेब एकदा पुन्हा घसरले, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे अनामिक मद्यपींच्या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. थोडक्यात ए.ए. १९५७ साली ती भारतात आली. मुंबई हे तिच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक.

माझ्यासारख्या युनियनवाल्याला ही संघटना प्रथमदर्शनी विचित्रच वाटते. सभासदांची यादी नाही, वर्गणी नाही, पावती नाही, निवडणुकीची धामधूम नाही. सभासदत्वाला अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असलीच पाहिजे असेही नाही. खर्चासाठी टोपली फिरते, तीत ज्याला जमेल त्याने टाकावे. बाहेरच्या देणग्या मात्र घ्यायच्या नाहीत. कोणत्याही राजकीय वा धार्मिक वादात मत द्यायचे नाही. १९५० साली क्लीव्हलंडच्या अधिवेशनात स्वीकारलेल्या बारा परंपरांमध्ये हे सारे नियम आहेत. बाल्टिमोरची चळवळ ज्या खडकावर फुटली तो त्यांनी असा टाळला. आम्हा युनियनवाल्यांना हे पथ्य पाळता यायचे नाही; आमचे कामच भांडणाचे. पण त्यांच्या कामाला ते लागते.

सभा सामान्यपणे तास-दीड तासाची असते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, समाजमंदिर अशी कोठली तरी भाड्याची खोली. एक जण चालक असतो. जो बोलतो तो फक्त आपले पहिले नाव सांगतो आणि आपली हकीकत सांगतो: पूर्वी काय होते, काय घडले, आता कसे आहे. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नव्या माणसाने बोललेच पाहिजे अशी सक्ती नाही. नुसते ऐकून निघून आले तरी चालते. काही सभा खुल्या असतात, तेथे घरचे, मित्र, विद्यार्थी कोणीही बसू शकते. काही बंद असतात, त्या फक्त ज्याला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठी. काही सभांत एकच वक्ता बोलतो, काहींत सर्व थोडे थोडे बोलतात, काहींत 'बारा पायऱ्या' म्हणून जो क्रम आहे त्यांतील एकेक पायरी वाचून चर्चा होते.

याचा उपयोग होतो का? वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली २७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत १०,५६५ माणसे होती. ए.ए.कडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार हे दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले, आणि बाकीच्या बाबतीत निदान त्यांच्या बरोबरीचे. हे अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत हे खरे. शिवाय सर्वांना गुण येतो असे कोणी म्हटलेले नाही. पण ज्या गोष्टीला पैसा लागत नाही आणि जिचा गुण मोजून पाहिलेला आहे, ती आजमावून पाहण्यात शहाणपण आहे.

शोध कोठून सुरू करावा?

एक कागद घ्यावा आणि त्यावर रकाने पाडावेत: वार, वेळ, जागा, भाषा, खुली की बंद, आणि घरी परतण्याची वाट. मग माहिती जमवावी. ए.ए.ची कार्यालये दूरध्वनीवर सभांचे पत्ते देतात, ते इंटरनेटवरही मिळतात. सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांकडे चौकशी करता येते. केंद्र सरकारचा १४४४६ हा विनामूल्य मदतक्रमांक व्यसनमुक्तीसाठीच आहे. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. तेथून बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या सभा भरतात. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन स्थापन केले. या सर्व ठिकाणी एक सभा विचारली तर चार सभांचे पत्ते मिळतात. पुढचे पत्ते सभेतल्याच माणसांकडून कळतात.

आता रकान्यांकडे वळू. कामगाराच्या दृष्टीने पहिला प्रश्न पाळीचा. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते त्याला एक सभा पुरत नाही. त्याने तीन शोधाव्यात. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळची, दुसऱ्या पाळीत सकाळची, आणि रात्रपाळीत झोप झाल्यावर दुपारनंतरची. सकाळची सभा जवळपास नसेल तर २०२० नंतर फोनवर भरणाऱ्या सभा वाढल्या आहेत, त्यांतली एक धरावी. बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या सुरक्षारक्षकाला तर पुष्कळदा तोच एक मार्ग उरतो. मात्र आठवड्यातून एकदा तरी माणसांत जाऊन बसावे. पडद्यावर डोळ्यांतले पाणी दिसते, पण खांद्यावर हात पडत नाही.

दुसरा प्रश्न धोक्याच्या दिवसांचा. प्रत्येकाचे असे दिवस ठरलेले असतात. कोणाचा पगाराचा दिवस, कोणाची साप्ताहिक सुटीची संध्याकाळ, कोणाचा बोनस. आमच्या पिंपरी-भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारची सुटी असायची, तेव्हा बुधवारची रात्र आणि गुरुवारची दुपार या दोन वेळा मी अनेकांच्या तोंडून ऐकल्या आहेत. सभा निवडायची ती या वेळेला. बाकीच्या दिवशी सभा चुकली तर एक वेळ चालेल. धोक्याच्या दिवशी चुकवू नये.

तिसरा प्रश्न वाटेचा, आणि याचा विचार फार थोडे करतात. सभेतून घरी परतताना नेहमीचा गुत्ता लागतो काय? लागत असेल तर दुसरी वाट, दुसरा बसस्टॉप किंवा बरोबर कोणीतरी हवे. सभा उत्तम झाली आणि माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात थांबला, तर त्यात सभेचा दोष नसतो. दोष रस्त्याच्या निवडीचा असतो.

चौथा प्रश्न ओळखीचा. काहींना आपल्याच वस्तीतली, आपल्याच बोलीत बोलणारी सभा हवी असते. तेथे मन लवकर मोकळे होते. काहींना नेमकी उलट भीती असते, की चाळीतला कोणी भेटेल, फोरमन भेटेल. त्यांनी खुशाल दोन स्टेशने पलीकडची सभा धरावी. लाज ही काही गुन्हा नाही. तिच्यापायी दोन तिकिटांचा खर्च वाढला तरी हरकत नाही, सभा मात्र सुटू नये.

भाषेचेही तसेच. मोठ्या शहरात मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांतल्या सभा असतात. इंग्रजी सभेत चुकून शिरलेला हेल्पर 'हे साहेबलोकांचे काम' म्हणून उठून येतो. त्याला मराठी सभेचा पत्ता आधी मिळाला असता तर तो टिकला असता. माणूस स्वतःशी ज्या भाषेत भांडतो, त्या भाषेतली सभा त्याला हवी.

देवाचा प्रश्न

आमच्या चळवळीतल्या पुष्कळांना येथे अडचण येते. बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, सभेच्या शेवटी प्रार्थना असते, आणि खोली बहुधा चर्चची. सत्यशोधक घरातला, बौद्ध घरातला किंवा लाल बावट्याखाली वाढलेला कामगार विचारतो, "हे धर्मांतराचं काही नाही ना?" शंका रास्त आहे, म्हणून उत्तर नीट दिले पाहिजे. ए.ए.चा उगम अमेरिकेतील एका ख्रिस्ती मंडळाच्या सहवासात झाला, हे खरे. परंतु आरंभीच्या सभासदांतही नास्तिक होते आणि त्यांच्या आग्रहामुळे 'आपापल्या समजुतीप्रमाणे देव' अशी शब्दयोजना ठेवण्यात आली. कोणी आपल्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे निसर्ग समजतो, कोणी धम्म समजतो, कोणी समोर बसलेल्या वीस माणसांची एकजूट समजतो. एकट्याच्या ताकदीने जे झाले नाही ते एकजुटीने होते, हे युनियनच्या माणसाला निराळे शिकवावे लागू नये. चर्चची खोली ही भाड्याची खोली असते, आणि चर्चचा गटावर हक्क नसतो.

तरीही सभा सभेत फरक असतो. एके ठिकाणी देवाचे नाव उठताबसता निघते, दुसऱ्या ठिकाणी क्वचित. पहिली मानवली नाही तर दुसरी पाहावी. आणि बारा पायऱ्यांचा मार्गच नको असेल तर इतर मार्ग आहेत. १९९४ साली अमेरिकेत निघालेली स्मार्ट रिकव्हरी ही संस्था मानसशास्त्रातील विचार-वर्तन पद्धतीवर चालते, तिच्या सभा इंटरनेटवरूनही गाठता येतात. रुग्णालयातील समुपदेशकांचे गट असतात. देव नको म्हणून मदतही नको, असे होऊ देऊ नये.

स्त्रिया आणि घरची माणसे

वर सांगितलेल्या २०१९ च्या अहवालात पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के आहे. प्रमाण लहान असले तरी त्या स्त्रीचे ओझे लहान नसते. पुरुषाला लोक बेवडा म्हणतात. बाईला त्याहून वाईट बोलतात. तिच्यासाठी केवळ स्त्रियांची सभा मिळाली तर उत्तम. शहरांत आणि फोनवर अशा सभा असतात. मिश्र सभेत जावे लागले तर पहिल्या वेळी बहीण वा मैत्रीण सोबत घ्यावी, सभा खुली आहे याची खात्री करून. मार्गदर्शक म्हणून जुना सभासद निवडायचा असतो, त्याला तेथे स्पॉन्सर म्हणतात. बाईने बाईच निवडावी हा तेथला संकेत आहे आणि तो पाळावा.

पिणाऱ्याच्या बायकोसाठी, आईसाठी, भावासाठी निराळी सभा आहे. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली अल-अनॉन ही संघटना उभी केली. पुढे १९५७ साली मुलांसाठी अल-अटीन निघाली. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. नवरा सभेला जायला तयार नसला तरी बायकोने स्वतःच्या सभेला जावे. पैसे लपवणे, साहेबाला खोटी कारणे कळवणे, उधारी भागवणे, यातच तिची वर्षे जातात. आपल्यासारख्या चौघी भेटल्या की यातले आपले काम कोणते आणि आपले नसलेले कोणते हे तिला उमगू लागते.

सभेची पारख

माझा आडाखा असा: निदान सहा वेगवेगळ्या सभा पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. ए.ए.त नव्वद दिवसांत नव्वद सभा असा जुना प्रघात आहे. ज्याला जमेल त्याने तो पाळावा. पण सहा तरी पाहाव्यातच. प्रत्येक सभेत तीन गोष्टी न्याहाळाव्यात.

पहिली, नव्याला कशी वागणूक मिळते? चहाच्या वेळी कोणी आपण होऊन येऊन विचारतो का, की जुने आपसांतच बोलत राहतात? दुसरी, वर्षानुवर्षे दारूवाचून राहिलेली माणसे तेथे आहेत का, आणि कालपरवा आलेलेही आहेत का? नुसते जुने असले तर सभा पेन्शनरांचा कट्टा होते. नुसते नवे असले तर वाट दाखवणारा कोणी राहत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, घसरून परत आलेल्याला ते कसे घेतात? ज्या सभेत त्याच्यासाठी खुर्ची सरकवली जाते आणि 'बरे झाले आलास' म्हटले जाते, ती सभा भक्कम. कारण आज ना उद्या ती वेळ आपल्यावरही येऊ शकते, आणि लाजेने दूर राहिलेला माणूसच बुडतो.

काही खुणा धोक्याच्याही असतात. डॉक्टरने दिलेली औषधे बंद करा असा सल्ला कोणी देत असेल तर तो मानू नये. औषधांच्या बाबतीत सभासदाने डॉक्टर होऊ नये असे ए.ए.चेच सांगणे आहे. कोणी खात्रीचा उपाय म्हणून पुड्या विकत असेल, फी मागत असेल, सभेतले बोलणे बाहेर नेत असेल, उसने पैसे मागत असेल, तर ती सभा वा निदान तो माणूस टाळावा. एवढ्यासाठी सगळ्या सभांवर फुली मारू नये. एका युनियनचा पुढारी फुटला म्हणून संघटनेची गरज संपत नाही.

या परीक्षेत जी उतरेल तिला आपला घरचा गट मानावे. तेथे खुर्च्या लावण्याचे, चहाचे, झाडण्याचे एखादे काम मागून घ्यावे. काम असलेला माणूस गैरहजर राहायला संकोचतो. हे मी कितीतरी शाखा चालवताना पाहिले आहे, आणि या सभांतल्या जुन्या मंडळींचाही अनुभव तोच आहे.

संघटनेचे कर्तव्य

शेवटी माझ्या सहकाऱ्यांना दोन शब्द. युनियनने स्वतः अशी सभा चालवू नये. ती बाहेरच्या कोणाच्या आधाराने चालत नाही, आणि कार्यकारिणीचा सभासद समोर बसला तर कामगार तोंड उघडणार नाही. पण आपली खोली आठवड्यातून एक तास भाड्याने देता येईल. भाडे थोडे घ्यावे, पण घ्यावे, कारण फुकट घेणे त्यांच्या नियमात बसत नाही. भिंतीवरच्या सूचनाफलकावर सभेचे वार आणि वेळ लावता येतील. उपचाराच्या रजेसाठी व्यवस्थापनाशी बोलता येईल. आणि पहिल्या सभेला जाणाऱ्याबरोबर दारापर्यंत चालत जाता येईल.

यातले शेवटचे काम सर्वांत लहान दिसते. तेच सर्वांत मोठे आहे. पहिल्या दिवशी माणूस जिन्यावरून परत फिरतो. त्या जिन्यावर कोणी सोबत असले की तो वर जातो. आपल्या खात्यात, आपल्या चाळीत, कदाचित आपल्या घरातही असा कोणी असेल. त्याला उपदेश करू नका. कागद घ्या, रकाने पाडा, येत्या आठवड्यातली एक सभा त्यावर लिहा, आणि त्याला म्हणा, "चल, मी दारापर्यंत येतो. नाही पटली तर पुढच्या आठवड्यात दुसरी पाहू."